तळ्यातील तोल : एका साध्या बीसीडीची निवड

आरे वसाहतीतील सकाळची फेरी ही निवृत्तीनंतर मी स्वतःवर लावून घेतलेली एकमेव हजेरी आहे. गोरेगावच्या बाजूने आत शिरावे, छोटा काश्मीरच्या तलावापाशी दहा मिनिटे बाकावर बसावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे, असा नित्यक्रम. गेल्या वर्षी मार्च महिन्यात त्याच बाकावर बसलो असताना पुतणीचा संदेश आला. "काका, तीन कोटेशन्स पाठवली आहेत. तुमच्या पद्धतीने तपासून सांगा. आईला एवढ्यात काही बोलू नका." आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजले होते; ती नोकरीनिमित्त राहते त्या इंग्लंडमधील लेस्टर शहरात रात्रीचे दोन. पस्तीस वर्षे कर्जप्रस्ताव तपासलेल्या माणसाला एवढे निश्चित कळते, की मध्यरात्री आलेल्या प्रस्तावात कागदावर न लिहिलेली एखादी बाब असतेच.

कोटेशन्स होती पाणबुड्यांच्या एका साधनाची. त्याचे नाव बॉयन्सी कॉम्पेन्सेटर. या छंदातील मंडळी त्याला बीसीडी किंवा नुसते जॅकेट म्हणतात. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा न लिहिलेली बाबही कळली. पुतणी वर्षभरापासून स्कूबा डायव्हिंग शिकत होती, हे घरात ठाऊक होते. तीन आठवड्यांपूर्वी एका तळ्यात, चौदा मीटर खोलीवर, भाड्याने घेतलेल्या जॅकेटने तिला दगा दिला होता. जॅकेट एक माप मोठे होते. तळाच्या गाळात आपण रुतत आहोत असे वाटून तिने हवा भरण्याचे बटण जरा अधिक वेळ दाबले. जॅकेट फुगून कानापर्यंत सरकले आणि ती डोके खाली, पाय वर अशा स्थितीत वेगाने वर जाऊ लागली. हवा सोडण्याची दोरी हाताला सापडेना. सोबतच्या मुलीने तिचा पट्टा धरला, मागची दोरी ओढली आणि दोघी सावकाश वर आल्या. कोणालाही इजा झाली नाही. तिची झोप मात्र उडाली.

"छंद सोडायचा नाही, काका. पण दुसऱ्याच्या मापाचे जॅकेट पुन्हा घालायचे नाही."

मी म्हणालो, "कोटेशन्स तपासतो. परंतु खरेदीआधी ही हकीकत तू स्वतः आईवडिलांना सांगायचीस. ताळेबंदातून वगळलेला तोटा पुढच्या वर्षी दुप्पट होऊन समोर येतो." तिने मुदत मागितली, मी ती दिली.

मुंबईत तळी आहेत, पण

वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशी आहेत, आणि हा छंद आता आपल्या घरांतही शिरू लागला आहे. म्हणून मी जे शिकलो ते येथे मांडत आहे.

आमच्या परिसरात तळ्यांना तोटा नाही. पण बुडी मारण्याजोगे एकही नाही. विहार आणि तुळशी ही पिण्याच्या पाण्याची तळी. पवईच्या तलावात मगरींची वस्ती. आणि छोटा काश्मीरचा तलाव म्हणजे आमच्या मुलांच्या बालपणातील नौकाविहाराची जागा. महाराष्ट्रात ही विद्या शिकायची तर सिंधुदुर्गातील तारकर्ली गाठावी लागते. तेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण देणारी संस्था आहे. पण ते समुद्राचे क्षेत्र.

इंग्लंडमध्ये स्थिती वेगळी आहे. जुन्या दगडखाणी पाण्याने भरून तळी झाली आहेत आणि हजारो लोक तेथे बुडी मारावयास शिकतात. लेस्टर शहर आपल्या वाचकांना ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन मंदिरामुळे परिचित असेल. त्या शहरापासून थोड्याच अंतरावर स्टोनी कोव्ह नावाची जुनी ग्रॅनाइटची खाण आहे. झऱ्यांच्या पाण्याने ती भरली असून तिची सर्वाधिक खोली सुमारे ३५ मीटर आहे. खाणकामाच्या पायऱ्या पाण्याखाली तशाच असल्याने शिकाऊ माणसाला सहा-सात मीटरवरच्या कट्ट्यावर सराव करता येतो. पाणी गोडे, हिवाळ्यात अतिशय थंड. पुतणीला साधन हवे होते ते अशा पाण्यासाठी.

जॅकेट, पण जीवरक्षक नव्हे

माझे थोरले बंधू धान्याचे व्यापारी आहेत. ही वस्तू कोणती, असे मी त्यांना सहज म्हणून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बोटीत बसताना देतात तेच नारिंगी जॅकेट असणार." हा समज सार्वत्रिक आहे आणि तो धोक्याचा आहे.

लाइफ जॅकेटचे काम एकच : माणसाला पृष्ठभागावर तरंगत ठेवणे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षक मृत्यू पावले. बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. ती बातमी वाचल्यापासून वहिनी तळ्याचे नाव काढले तरी अस्वस्थ होतात. बोटीत लाइफ जॅकेट हवेच, याविषयी दुमत नाही. परंतु पाणबुड्याला पाण्याखाली जायचे असते, तेथे ठरावीक खोलीवर स्थिर राहायचे असते आणि मग हळूहळू वर यायचे असते. या तिन्ही गोष्टी जमाव्यात म्हणून हवा भरता व सोडता येईल अशी पिशवी पाठीवरच्या पट्ट्यांना जोडलेली असते. तीच बीसीडी. युरोपात तिच्यासाठी ईएन १८०९ हे मानक आहे. या मानकाचे साधन बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्यावर राहील अशी हमी देत नाही. ते तोल राखण्याचे साधन आहे, जीवरक्षक नव्हे.

कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ मध्ये पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र सिद्ध केले, तेव्हा असे साधन नव्हतेच. पाणबुडे शिसे मोजून बांधत आणि फुप्फुसांतील श्वासावर तोल सांभाळत. १९६१ च्या सुमारास फ्रान्समधील मॉरिस फेन्झी यांनी गळ्यात अडकवण्याची फुगवता येणारी पिशवी आणली आणि १९७१ मध्ये स्कूबाप्रो कंपनीचे अंगात घालण्याचे जॅकेट आले. तेव्हापासून त्यात खिसे, कड्या, साखळ्या आणि गाद्यांची भरच पडत गेली आहे.

वजनकाट्याचे गणित

कोणतेही कोटेशन पाहण्यापूर्वी गरज ठरवावी, हा बँकेतील पहिला धडा. येथे गरज म्हणजे पिशवीने किती किलो भार उचलावा, हा आकडा. तो अंदाजाने ठरवू नये, काढता येतो.

प्रथम हवेचे वजन. हवेलाही वजन असते, हे आपण शाळेत शिकलो आणि विसरलो. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २३२ बार दाबाने सुमारे २८०० लिटर हवा मावते. तिचे वजन सव्वातीन किलोच्या आसपास होते. बुडी संपताना ५० बार हवा राखून ठेवायची असते. म्हणजे मधल्या वेळेत सुमारे अडीच किलो हवा श्वासावाटे निघून जाते आणि माणूस तेवढा हलका होतो. शेवटी तोल साधायचा असेल तर सुरुवातीला हे अडीच किलो जास्तीचे वागवावे लागतात.

दुसरी बाब अंगातील पोशाखाची. थंड पाण्यासाठी सात मिलिमीटर जाडीचा फेसाळ रबराचा सूट घालतात. त्यात सूक्ष्म बुडबुडे असल्याने तो तरंगतो. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो आणि बुडबुडे दबतात. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तेथे हा सूट आपल्या तरंगण्याच्या क्षमतेतील पाचेक किलो गमावतो.

आता बेरीज करू. वीस मीटर ही प्राथमिक प्रमाणपत्रधारकाची सर्वसाधारण मर्यादा. तेथे पिशवीने उचलायचे ते अडीच अधिक पाच, म्हणजे साडेसात-आठ किलो. पृष्ठभागावर सूट पुन्हा फुललेला असतो. तेथे हवेचे अडीच-तीन किलो आणि डोके पाण्याबाहेर ठेवण्यासाठी चारेक किलो, म्हणजे सात किलो. दोहोंतील मोठा आकडा आठ. त्यावर राखीव निधी धरून तेरा-चौदा किलोची पिशवी पुरेशी झाली.

जास्त क्षमता घेतली तर बिघडते कुठे, असा प्रश्न बंधूंनी केला. व्यापारी माणूस गोदाम नेहमी मोठेच घेतो! उत्तर पुतणीच्या अनुभवात आहे. वीस मीटरवर पिशवीत भरलेली एक लिटर हवा पृष्ठभागापर्यंत पोहोचताना तीन लिटर होते. वर जाऊ लागलेला माणूस जसजसा वर जातो तसतशी हवा फुगते आणि तो आणखी वेगाने वर खेचला जातो. मोठ्या पिशवीला या घोडदौडीत अडवणारे काही नसते. घाईने वर आल्यास रक्तात विरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून जास्तीची क्षमता ही येथे जमेची नव्हे, जोखमीची बाजू.

गोड्या पाण्याचा मुद्दाही या हिशेबात येतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. साधनांसह शंभर किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रात जेवढे शिसे लागते, त्यापेक्षा तळ्यात अडीच किलो कमी लागते. तारकर्लीत जमलेला आकडा तसाच तळ्यात वापरला तर माणूस उगाच जड होतो. मग तो जडपणा फेडण्यासाठी हवा भरतो, आणि ती हवाच पुढे गोत्यात आणते. वजन अचूक ठरवण्याची कसोटी सोपी आहे. सिलिंडरमध्ये ५० बार हवा उरलेली असावी, पिशवी पूर्ण रिकामी करावी, साधा श्वास घेऊन स्थिर उभे राहावे. पाणी डोळ्यांच्या पातळीवर यावे आणि श्वास सोडताच माणूस हळूहळू खाली जावा. तोवर शिसे काढावे किंवा घालावे.

बंधूंना हे पटले. "काटा आधी शून्यावर आणायचा, मग माल ठेवायचा," ते म्हणाले. मालवणला आम्ही सहकुटुंब बुडी मारली होती तेव्हा हे काहीच करावे लागले नव्हते, याचे त्यांना आश्चर्य वाटले. पर्यटकाचा हात वाटाड्याच्या हातात असतो आणि जॅकेटही तोच सांभाळतो. तेथे आपले खाते दुसरा कोणी चालवत असतो. पुतणीला ते स्वतः चालवायचे होते.

तीन प्रस्ताव

पहिले कोटेशन सर्वांत महागड्या जॅकेटचे होते. त्यात बावीस किलोंची पिशवी, वजनाचे आतील कप्पे, सहा कड्या, दोन मोठे खिसे आणि जाड गादी होती. दुसरे प्रवासी बनावटीचे हलके जॅकेट. किंमत निम्म्याहून कमी. तिसऱ्यात स्टीलची एक पाटी, अखंड पट्टा आणि पाठीमागे चौदा किलोंची पिशवी एवढेच होते. याला पाटी-पंख म्हणावे, कारण फुगल्यावर पिशवी सिलिंडरच्या दोहो बाजूंना पंखासारखी दिसते.

पहिल्या प्रस्तावात खर्च गरजेबाहेर होता. जाड गादी स्वतःच तरंगते. ती बुडवण्यासाठी आणखी शिसे बांधावे लागते. म्हणजे पैसे देऊन हलकेपणा घ्यायचा आणि पुन्हा वजन बांधून तो घालवायचा. कर्जाच्या पैशातून त्याच कर्जाचे व्याज भरण्यासारखा हा प्रकार.

दुसरे जॅकेट चांगले होते, परंतु त्याची खांद्यांवरची बांधणी पुतणीच्या आखूड पाठीला बसत नव्हती. दुकानात तिने सूट घालून ते अंगावर चढवले, पूर्ण फुगवले आणि मी सांगितल्याप्रमाणे खांद्याला धरून वर ओढून पाहिले. ते सरकले. शिवाय फुगल्यावर छाती आवळली गेली. या परीक्षेत नापास झालेली वस्तू स्वस्त असली तरी महागच.

तिसऱ्याचे गुण साधे. पट्टा अंगाप्रमाणे कापून बसवता येतो. पायांमधून जाणाऱ्या पट्ट्यामुळे ते वर सरकत नाही. स्टीलची पाटी स्वतःच अडीच किलोंच्या आसपास असल्याने कमरेवरचे तेवढे शिसे वाचते. दोषही सांगितला पाहिजे. पृष्ठभागावर पिशवी गच्च फुगवली तर ती माणसाला किंचित पुढे कलंडवते. जॅकेट मात्र सरळ उभे ठेवते. हवा बेताची भरून मागे रेलण्याची सवय केली की हा दोष जातो. ती सवय होईपर्यंत सराव उथळ पाण्यातच करावा.

तिन्ही साधनांना लागू असलेल्या तपासण्या मी वहीत लिहून पाठवल्या. हवा भरण्याचे आणि सोडण्याचे बटण डोळे मिटून, हातमोजे घालून ओळखता आले पाहिजे. मागच्या झडपेची दोरी डोके खाली असतानाही हाती आली पाहिजे, कारण त्या स्थितीत तीच सर्वांत उंचावर असते आणि हवा तेथूनच निघते. थंड पाण्यात हवा भरण्याची झडप गोठून उघडी राहू शकते. तेव्हा जोडनळी एका झटक्यात सोडवता यावी, याचा सराव जमिनीवर वीस वेळा करावा. पिशवी गच्च फुगवून, जादा दाबाची झडप आपोआप उघडते का ते पाहावे आणि मग ती रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी मऊ पडली तर कोठेतरी गळती आहे. बुडीनंतर आतूनही स्वच्छ पाण्याने धुवावी, निथळावी, थोडी हवा राखून सावलीत ठेवावी आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावी.

तळाला न दुखवता

केवळ छंदासाठी पाण्यात उतरावेच का, हा प्रश्न आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी विचारला आणि तो रास्त आहे. त्याचा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकाने करावा. मात्र उतरायचेच ठरले, तर तोल हा सुरक्षिततेइतकाच जयणेचाही विषय आहे. तळ्याचा तळ म्हणजे मऊ गाळ आणि त्यातील असंख्य जीव. जड झालेला पाणबुडा त्यावर गुडघे टेकतो, पाय झाडतो. गाळ उसळतो, काही दिसेनासे होते आणि खाली काय चिरडले गेले ते त्याला कळतही नाही. ज्याचा हिशेब जुळला आहे, तो तळापासून हातभर वर, कशालाही स्पर्श न करता तरंगतो.

दुसरी काळजी एका तळ्यातील जीव दुसऱ्या तळ्यात न नेण्याची. पूर्व इंग्लंडमधील ग्रॅफम वॉटर या जलाशयात २०१० मध्ये बाहेरून आलेली एक हिंस्र जातीची गोड्या पाण्यातील कोळंबी आढळली. ती स्थानिक जिवांचा फडशा पाडते. ओल्या साधनांतून असे जीव सहज प्रवास करतात. म्हणून तेथे तपासा, धुवा, वाळवा हा नियम सर्वांना शिकवला जातो. पाटी-पंखाला गाद्या व खिसे नसल्याने ते लवकर वाळते, हाही साधेपणाचा लाभ.

पुतणीने तिसरा प्रस्ताव स्वीकारला. पैसे भरण्याआधीच्या रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर आईवडिलांना सारी हकीकत सांगितली. मी शेजारीच बसलो होतो. बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "आता शिसे किती बांधतेस?" तिने आकडा सांगितला, त्यांनी तो माझ्या वहीतील आकड्याशी ताडून पाहिला आणि मान डोलावली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होते. त्या साधनाविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत. "ती दोरी ज्या मुलीने ओढली, तिचे नाव काय गं?" एवढेच त्यांनी विचारले. पुढच्या आठवड्यात लेस्टरला जाणाऱ्या एका परिचितांबरोबर खाकऱ्यांचे दोन डबे रवाना झाले. एकावर त्या मुलीचे नाव होते.

जूनमध्ये पुतणीचा संदेश आला, या वेळी आपल्याकडे रात्र आणि तिकडे भर दुपार असताना. "काका, सहा मीटरच्या कट्ट्यावर तीन मिनिटे स्थिर राहिले. बटणाला हातही लावावा लागला नाही. खालचा गाळ हलला नाही." मी तो संदेश बंधूंना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला.